चूलबंद आवतण

सास्तुरात लग्न असो, बारसं असो, नाहीतर नव्या ट्रॅक्टरची पूजा असो, पत्रिका छापून झाली, मोबाईलवर फिरवून झाली, तरी एक काम उरतंच. गौराबाईंना सांगणं. पत्रिकेचं काय, ती खिळ्याला अडकते आणि तिच्या पाठीवर नातवंडं मोर काढतात. आवतण मात्र माणसानं दारात उभं राहून, घरच्याचं नाव घेऊन द्यावं लागतं. तसं आलं नाही तर सास्तूरचा माणूस जेवायला जात नाही. घरी भाकरी खातो, मुद्दाम मोठा ढेकर देतो आणि पुढची वीस वर्षं ते लक्षात ठेवतो.

या आवतणाच्या दोन जाती आहेत. एक 'घरटी', म्हणजे दर घरातून एक माणूस. दुसरं 'चूलबंद', म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूलच पेटवायची नाही. म्हातारी, तान्हं, मुक्कामाला आलेला जावई, सगळ्यांनी यायचं. फरक एका शब्दाचा, पण अडीचशे पानं मांडायची की नऊशे, ते त्या शब्दावर ठरतं.

गौराबाई बत्तीस वर्षं हे काम करत होत्या. त्र्याण्णवच्या भूकंपात सासू गेली आणि तिचं काम सुनेकडं आलं. बाई दिसायला काडी, पण आवाज असा की देवळाच्या घंटेनं जरा दमानं घ्यावं. सकाळी कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढून निघायच्या. उंबरठ्याबाहेर उभं राहायचं, आत पाऊल टाकायचं नाही, चहा घ्यायचा नाही. एका घरी बसलं की दुसऱ्या घराचा अपमान. दोनशे चाळीस घरं ऊन चढायच्या आत व्हायची, आणि दमायच्या कुणी तर ऐकणाऱ्या. मोबदला म्हणजे एक नारळ, एक खण आणि पंगतीत पहिलं पान.

बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून चूक एकच झाली, आणि ती अगदी सुरुवातीला. नवं गाव तेव्हा नुकतंच वसलं होतं. जुन्या सास्तुरात आड, लिंब, मारुती या खुणांवर वाट कळायची. नव्या गावात सरकारनं पट्टीनं रेघा मारल्यासारखी घरं बांधली. कुठल्या ओळीत झालं आणि कुठल्या ओळीत राहिलं, काही कळेना. त्यातच शिवप्पांच्या नव्या घराची घरभरणी. शिवप्पांनी सांगितलं होतं घरटी. गौराबाई ओळी मोजण्यात एवढ्या गुंतल्या की तोंडातून गेलं चूलबंद. दोनशे चाळीस वेळा गेलं.

अडीचशे पानांचा स्वयंपाक होता. आली नऊशे माणसं. कुणाच्या पोटात पाप नव्हतं, बोलावलं म्हणून आली होती, नटूनथटून, लेकरांची तोंडं पुसून. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, पहिल्या दोन पंगतींत संपली. पण न जेवता उठलं तर यजमानाचा अपमान, म्हणून कुणी उठेना. मागचे पुढं रेटत होते, पुढचे भिंतीला टेकत होते, आणि शिवप्पांची कोरी करकरीत कुंपणभिंत दुपारी दोनच्या सुमाराला पाहुण्यांसकट आडवी झाली. सांडलेल्या पाण्यानं अंगणाचा चिखल झाला. पुढं वैतागून शिवप्पांनी सगळ्या अंगणात सिमेंट ओतलं. भुईत पाणी जाईना, आणि दारचा शेवगा दोन वर्षांत उभ्याउभ्या वाळला.

शेजारच्या सत्यभामाबाई अजूनही सोडत नाहीत. "गौराक्का, घरटी हाय का भिंतटी?" असं विचारल्याशिवाय त्या आवतण घेत नाहीत.

तर अशा या गौराबाईंच्या डाव्या छातीत गाठ निघाली. त्यांनी ती तीन महिने कुणाला दाखवली नाही, कारण लग्नसराई होती. मग सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मग सलाइनमधून औषधं झाली. केस गेले, ते त्यांनी पदराखाली झाकले. मग डॉक्टरांनी सांगितलं, आता रेडिएशन.

हा शब्द तपासणीच्या खोलीतून बाहेरच्या बाकड्यावर येईपर्यंत 'शेक' झालेला असतो. बाकड्यावरचे सगळे तेच म्हणतात. तुमचे किती शेक झाले, आमचे अकरा झाले, अजून चौदा राहिले. गौराबाईंना पंचवीस मिळाले. त्या फळीवर निजायच्या, भलं मोठं यंत्र अंगावरून फिरायचं, घूं करायचं आणि गप्प व्हायचं. ना ऊब, ना वास, ना धूर.

"ह्याला शेक म्हणत्यात व्हय?" घरी येऊन त्या सुनेला म्हणाल्या. "शेक दिला की अंगाला कळाया पायजे. हा आपला कोरडाच."

सून इरम्मा. बोलणं कमी, हात सतत कामात. अक्कलकोटकडची, त्यामुळं रागावली की कानडीत रागावते. गौराबाईंच्या रुद्रेशशी लग्न होऊन आली त्याला नऊ वर्षं झाली. तिच्या बाळंतपणात गौराबाईंनी सव्वा महिना दार लावून तिला बाजेवर निजवली होती. खाली शेगडी, शेगडीत निखारे, निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग आणि लसणाची सालं. शेक आणि धुरी. या घरात, आणि आजूबाजूच्या सगळ्याच घरांत, या दोन गोष्टी जोडीनं येतात. शेक दिला आणि धुरी दिली नाही, असं आजवर कुणी ऐकलेलं नाही.

इरम्मानं दवाखान्याचा कागद रुद्रेशकडून दोनदा वाचून घेतला होता. त्यात लिहिलं होतं, शेक दिलेल्या जागेला ऊब लावू नका, साबण लावू नका, घट्ट कपडा नको. तिनं सगळं पाळलं. छातीला ऊब लागू नये म्हणून शेगडी बाजेखाली न ठेवता लांब, कोपऱ्यात ठेवली. दार मात्र लावलं. कागदात धुराबद्दल काही नव्हतं.

"माझ्या येळंला तुमी केलं," ती म्हणाली. "आता माझी पाळी."

गौराबाईंनी डोळे मिटून धूर ओढला. नाकात ओव्याचा ओळखीचा झणका गेला आणि कित्येक महिन्यांनी त्यांना वाटलं, आता कुठं खरा शेक झाला. पौषापासून सव्वा महिना रोज दोन वेळा धुरी झाली. एक दिवस चुकला नाही.

खोकला सुरू झाला तो शिवरात्रीनंतर. कोरडा, ठसका लागल्यासारखा. घरात त्याची फार कुणी फिकीर केली नाही. खोकला म्हणजे काय, येतो आणि जातो. मग सांजेला अंग कोमट लागायला लागलं. मग एका सकाळी गौराबाई बारशाचं आवतण घेऊन निघाल्या आणि पाचव्या दारात त्यांना वाक्य पुरं करता आलं नाही.

"सत्यभामा, उद्या दुपारी बजरंगकडं..." एवढं म्हणून त्या थांबल्या. जीभ तयार होती, शब्द तयार होता, मागून हवाच आली नाही.

सत्यभामाबाई क्षणभर वाट बघून म्हणाल्या, "बजरंगकडं काय? भिंत पाडायची हाय का?"

गौराबाईंनी हातानंच 'घरटी' अशी एक बोटाची खूण केली. त्यावर मात्र सत्यभामाबाई हसल्या नाहीत. त्यांनी बत्तीस वर्षांत पहिल्यांदा गौराबाईंना दंड धरून उंबऱ्याच्या आत घेतलं आणि पाटावर बसवलं.

दुसऱ्या दिवशी रुद्रेशनं त्यांना सोलापूरला नेलं. सोबत इरम्मा. शेक देणाऱ्या डॉक्टर होत्या शिवप्रिया. वय तिशीपलीकडचं, माहेर सास्तूरशेजारच्या उमरग्याचं, त्यामुळं म्हाताऱ्या पेशंटला कानडीतलं 'अव्वा', म्हणजे आई, म्हणायची सवय. त्यांनी छातीचा स्कॅन काढायला लावला आणि तो खिडकीकडं धरून बराच वेळ बघत राहिल्या. फुफ्फुसात पांढरं धुकं साचलं होतं. पण त्याची एक कड अशी सरळ होती की जणू कुणी दोरी धरून आखली असावी.

"आमच्या नव्या गावावानी दिसतंय," गौराबाई म्हणाल्या. "पट्टीनं मारलेलं."

"ते आमच्याच मशीनची रेघ आहे, अव्वा," शिवप्रिया म्हणाल्या. "जिथवर शेक पोचला तिथवर सूज. न्यूमोनियासारखं दिसतं, पण यात जंतू नाही. सगळ्या तपासण्या केल्या, जंतू सापडत नाही."

"जंतू न्हाय तर मग हाय काय त्यात?"

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढं ओढली. "असं बघा. शेक गाठीची मुळं जाळायला दिला. पण त्याच्या वाटेत फुफ्फुसाचा थोडा कोपरा येतो. टाळता येईल तेवढा टाळतो, सगळा टळत नाही. तिथल्या पेशींना चटका बसतो. आणि चटका बसलेली पेशी गप्प बसत नाही. ती बारीक बारीक प्रथिनं सोडते. निरोपाची प्रथिनं. ती जाऊन शरीराच्या राखणीच्या पेशींना सांगतात, इथं घात झालाय, या."

"बरं मग? आल्या की दुरुस्ती करतील."

"करतात. पण आलेल्या पेशी स्वतःसुद्धा तीच प्रथिनं सोडायला लागतात. त्यांचं ऐकून आणखी येतात. जागा गच्च होते, सूज येते, हवेला वाट राहत नाही."

गौराबाई पुढं सरकल्या. आजारपणात पहिल्यांदा कुणी त्यांच्या धंद्यातलं बोलत होतं. "म्हंजी आवतणाला आलेला पाव्हणाच म्होरं आवतण द्याया लागला."

"अगदी तसंच."

"आन् आवतण कोणतं गेलं? घरटी का चूलबंद?"

शिवप्रियांचं माहेर उमरग्याचंच. त्यांना समजायला वेळ लागला नाही. "चूलबंद, अव्वा," त्या हळू म्हणाल्या. "द्यायचं होतं घरटी. बहुतेकांचं तसंच जातं, थोडा खोकला येतो, मिटतो. तुमचं चूलबंद गेलं."

"कोण हायती ही आवतण देणारी? नावं असतील की."

"आहेत. इंटरल्यूकिन-सहा म्हणून एक आहे. टीएनएफ म्हणून एक."

"अन् आडनाव?"

"आणि एक शेवटी येतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज बदलला. "टीजीएफ-बीटा. ते गवंडी बोलावतं. जिथं फाटलंय तिथं लिंपा म्हणून सांगतं. थोडं लिंपण लागतंच. पण त्याचा निरोप थांबलाच नाही तर मऊ जागा कडक होत जाते. फुफ्फुस फुगायचं विसरतं."

गौराबाईंच्या डोळ्यांपुढं शिवप्पांचं अंगण आलं, आणि त्यातला तो वाळलेला शेवगा.

शिवप्रियांनी पेन उघडलं आणि नेहमीचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. घरात चूल आहे का गॅस, तंबाखू, मिश्री, धूळ. "शेक संपल्यावर घरी काही विशेष केलं होतं का?"

इरम्मा आत्तापर्यंत भिंतीला टेकून उभी होती. या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडं होतं आणि ते तिनं मान वर करून दिलं. "सगळं केलं, बाई. ऊब लागू दिली न्हाय. सव्वा महिना दार लावून धुरी दिली. दोन टायमाला. ओवा, शेपा, वावडिंग, समदं घरचं, चांगलं निवडून."

पेन थांबलं. इरम्मानं आधी पेनाकडं पाहिलं, मग डॉक्टरांच्या तोंडाकडं, आणि तिची मान खाली आली.

"हे बघा," शिवप्रिया म्हणाल्या, शब्द निवडत. "धुरामुळंच झालं असं मी सांगू शकत नाही. कुणीच नाही सांगू शकत. आयुष्यात धूर न घेतलेल्यांनासुद्धा हे होतं. फोटोत तसं काही दिसत नाही. पण दुखऱ्या फुफ्फुसाला धूर नको होता."

इरम्मानं यातलं शेवटचं वाक्य तेवढं घरी आणलं.

गोळ्या सुरू झाल्या. रोज सकाळी एकदम पाच, नाश्त्यानंतर. आवतण देणाऱ्यांना खाली बसवणाऱ्या गोळ्या, असं गौराबाईंनी त्यांचं वर्णन गावात केलं. दर पंधरवड्याला एक कमी करायची, मनानं एकदम बंद करायच्या नाहीत, नाहीतर बसलेले सगळे पुन्हा उठतात. हे त्यांना पूर्ण पटलं. उठलेली पंगत काय असते, त्यांनी बघितलेली होती.

गोंधळ झाला तो डाळीवरून. प्रथिनं डाळीत असतात, हे त्यांनी शाळेच्या भिंतीवर नातवाकडून वाचून घेतलेलं होतं. तेव्हा बोलावणारी मंडळी डाळीतूनच आत जात असणार. त्यांनी वरण सोडलं, आमटी सोडली, शेंगदाण्याची चटणीसुद्धा लांब सरकवली. आठवड्यात गुडघे डुगडुगायला लागले. शेवटी रुद्रेशनं फोन लावून दिला आणि पलीकडून शिवप्रियांनी निक्षून सांगितलं, "अव्वा, ती प्रथिनं वेगळी, ही वेगळी. डाळ खा. पोटभर खा."

"दोघांची नावं एकच कशापायी ठेवली मग?" गौराबाई म्हणाल्या. "गावात दोन बसप्पा असले तर आमी एकाला लांब्या बसप्पा म्हणतो."

गोळ्यांनी चेहरा सुजून गोल झाला, गालांवर लकाकी आली, आणि सत्यभामाबाईंनी ओसरीवर येऊन निकाल दिला, "गौराक्का, बाळंतीण झाल्यावानी अंग भरलंय की."

हे ऐकून आत भांडी घासणाऱ्या इरम्माचे हात थांबले. ते गौराबाईंनी पाहिलं.

त्यांना बरंच दिसत होतं. इरम्मानं ओव्याचा डबा उकिरड्यावर नेऊन रिकामा केला होता. शेगडी गोठ्यामागं गेली होती. फोडणीचा धूर नको म्हणून ती घरात फोडणीच देईना. महिनाभर सगळं घर बिनफोडणीची आमटी खात होतं आणि रुद्रेश ताटाकडं बघून सुस्कारे टाकत होता. देवापुढची उदबत्तीसुद्धा तिनं विझवून ठेवली होती. गौराबाईंचं सगळं ती वेळेवर करत होती, पण हात लावून लगेच लांब व्हायची. जणू तिच्या अंगालाच धूर होता.

खोकला कमी झाला. ताप गेला. चैत्रात गौराबाई ओसरीवरून फाटकापर्यंत गेल्या, मग सत्यभामाच्या दारापर्यंत. पुढं बसव जयंती होती. त्या दिवशी गावच्या मठात महाप्रसाद असतो आणि आवतण सगळ्या गावाला चूलबंद असतं. वर्षातलं सगळ्यात मोठं आवतण. त्र्याण्णवपासून एकही चुकलं नव्हतं; भूकंपानंतरच्या वर्षी तर पत्र्याच्या शेडांमधून दिलं होतं. यंदा ते आपल्याला देता येतं का, एवढा एकच प्रश्न गौराबाईंच्या मनात उरला होता. बाकी गाठ, फोटो, गोळ्या, सगळं त्यांनी डॉक्टरांवर सोडलं होतं.

जयंतीला बारा दिवस राहिले असताना सोलापूरला बोलावणं होतं. पुन्हा स्कॅन काढला. मग शिवप्रिया म्हणाल्या, "आज एक चालायची परीक्षा आहे. सहा मिनिटं. या बोळातून त्या टोकापर्यंत जायचं, परत यायचं. धावायचं नाही, नेहमीसारखं चालायचं."

"नेहमीसारखं चालू?" गौराबाईंनी विचारलं. "बघा हं. मागनं म्हनाल."

बोटाला चिमटा लावला. चिमट्याच्या डबीवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा होता, चौऱ्याण्णव. बोळाला दोन्ही बाजूंनी दारं होती. गौराबाईंनी पदर खोचला आणि निघाल्या. पहिल्या दारापाशी त्यांच्या ओठांची हालचाल झाली. दुसऱ्या दारापाशी पुन्हा. चिमट्याची डबी धरून सोबत चालणाऱ्या शिवप्रियांनी कान दिला. एक्स-रेच्या दारापुढं म्हातारी पुटपुटत होती, "शिवप्पा, मठात, चूलबंद." औषधांच्या खोलीपुढं, "सत्यभामा, मठात, चूलबंद." संडासाच्या दारापुढं क्षणभर विचार पडला, पण कुणाचं तरी घर असणारच म्हणून तिथंही आवतण गेलं.

डबीवर एक्क्याण्णव झाले. मग अठ्ठ्याऐंशी. परतीच्या वाटेवर त्यांनी 'मठात' सोडून दिलं, नुसतं नाव आणि 'चूलबंद' राहिलं. मग नुसतं नाव. चौदाव्या दाराशी आकडा ब्याऐंशीवर आला आणि त्यांनी चौकटीला हात लावला. ओठ हलत होते, नाव कोणाचं ते कळत नव्हतं.

"साकु, अव्वा," शिवप्रिया कानडीत म्हणाल्या. "साकु. पुरे झालं."

"चौदाच झाली," गौराबाई म्हणाल्या, बऱ्याच वेळानं. "दोनशे सव्वीस राहिली."

नव्या फोटोत धुकं नव्हतं. आवतणाचे पाहुणे गेले होते. त्यांच्या जागी एक पांढरा, आवळलेला, कडक पट्टा होता, आणि तो पहिल्या रेघेच्याही पलीकडं सरकला होता. गवंडी अजून कामावर होते.

"हे मऊ होत नाही," शिवप्रियांनी सांगितलं. "गोळ्यांनी सूज जाते, लिंपलेलं निघत नाही. इथं थांबेल की पुढं जाईल, ते मला आज सांगता येत नाही. घरी ऑक्सिजनचं मशीन लागेल."

"बसव जयंतीला जाऊ का मग?"

"नाही, अव्वा."

"म्होरल्या?"

शिवप्रियांनी फोटो पाकिटात घातला, काढला, पुन्हा घातला. "पुढच्याचं पुढं बघू."

बत्तीस वर्षं दारात उभं राहून गौराबाईंनी माणसांची उत्तरं ऐकली होती. 'येतो' म्हणणारं घर येतं. 'कशाला त्रास' म्हणणारं घर सगळ्यांच्या आधी येऊन बसतं. 'बघू' म्हणणारं घर येत नाही.

मशीन आलं. ते बाजेजवळ बसून दिवसभर फुरफुरायचं. नळीची दोन टोकं गौराबाईंच्या नाकात. "हे माझ्याहून जास्त बोलतंय," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. लाईट जायची तेव्हा ते गप्प व्हायचं, आणि मग घरातली सगळी माणसंही, ऑक्सिजनचं मोठं नळकांडं जोडून होईपर्यंत.

जयंतीच्या आदल्या सकाळी त्यांनी इरम्माला हाक मारली. "विभूती लाव. आवतणाला निघ."

"म्या?"

"मग हे मशीन जाईल व्हय?"

इरम्मा उंबऱ्यातच उभी राहिली. "मला न्हाय जमायचं, आत्या. दुसऱ्या कुणाला सांगा. माझ्या हातानं..."

"तुझ्या हातानं काय?"

"तुमाला म्हाईत हाय काय ते."

गौराबाईंनी तिला बाजेवर बसायची खूण केली. ती खाली भुईवर बसली. बोलायला हवा थोडी होती, म्हणून गौराबाईंनी ती जपून वापरली, तीन शब्द आणि थांबा, तीन शब्द आणि थांबा.

"शिवप्पाची भिंत पडली. तुला म्हाईत हाय. सगळ्या गावाला म्हाईत हाय. म्होरलं कुणाला म्हाईत न्हाय." त्या थांबल्या. "म्या महिनाभर त्येंच्या गल्लीत गेले न्हाय. मग त्येंच्या नातवाचं बारसं आलं. शिवप्पा सोता आले हितं. इथं, या ओसरीवर. वाटलं, आता शिव्या देणार." पुन्हा थांबल्या. मशीन फुरफुरत राहिलं. "म्हनले, गौराक्का, आवतण तूच द्यायचं. तेवढंच बोलले. चहा पिऊन गेले."

इरम्मा भुईवर बोटानं रेघ ओढत होती. "भिंत परत बांधता येती, आत्या."

खोटं सांगावं असं क्षणभर गौराबाईंना वाटलं, की धुराचा काही संबंध नाही, डॉक्टरीणबाईनं मला एकटीला सांगितलंय. पण दारात उभं राहून खोटं बोलायची सवय नव्हती.

"न्हाय येत ही बांधता," त्या म्हणाल्या. "धुरानं झालं का शेकानं झालं, ते न्हाय कळायचं. म्या मरंस्तवर न्हाय कळायचं. तू धुरी दिली. म्या ओढली. मला ग्वाड लागली." त्यांनी श्वास गोळा केला. "आवतण तूच द्यायचं."

मग इरम्मा उठली. तिनं तोंड धुतलं, विभूती लावली, पदर खोचला आणि उंबऱ्याशी येऊन थांबली. "काय सांगायचं?"

"नाव. मठात. उद्या दुपारी. चूलबंद. आत जायचं न्हाय. चहा घ्यायचा न्हाय."

"बरं."

"आन् ऐक. उद्याचं चूलबंद. माझ्या गणाराधनेचं सांगशील तवा घरटी एकच सांग. लई गर्दी करू नगा माझ्यापायी. गर्दीनं काय व्हतं, ते म्या बघतेय."

इरम्मानं मागं वळून पाहिलं. लिंगायतांच्या घरी माणूस गेल्यावर घातल्या जाणाऱ्या जेवणाचं आवतण कोण कुणाला असं सांगून ठेवतं. मग चप्पल घालून ती खाली उतरली.

गौराबाईंनी मशीनच्या आवाजापलीकडं कान लावला. पहिलं दार सत्यभामाचं. इरम्माचा आवाज आला, बारीक, चाचरत, "अक्का, उद्या दुपारी मठात..." आणि त्यावर सत्यभामाबाईंचा नेहमीचा खणखणीत प्रश्न आलाच नाही. त्या जरा थांबून एवढंच म्हणाल्या, "येतो गं. तू दमानं जा."

दुसऱ्या दाराचं अर्धं ऐकू आलं. तिसऱ्याचं नुसतं 'चूलबंद'. चौथ्याचं काही नाही. तो आवाज अजून तेवढा मोठा नव्हता. गौराबाई पडल्या पडल्या पुढची घरं मनानं मोजत राहिल्या. बजरंग, धुळाप्पा, लांब्या बसप्पा, आखूड बसप्पा. चौदाव्या घरापाशी त्यांना धाप लागली. त्या थांबल्या, नळी नाकात नीट केली, आणि पंधराव्याकडं निघाल्या.